राजाची भीड

आमच्या वाचनकट्ट्यावर मागच्या खेपेला अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा विषय होता. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये अडीचशे वर्षं होतात, तेवढं निमित्त. त्या काळातले उपहासलेख आणि पुस्तिका यांवर एकजण पंधरा मिनिटं बोलणार होता. पाच मिनिटांतच जुंपली. एका बाजूला ‘लेखणीने साम्राज्य पाडलं’ म्हणणारे. त्यांच्या हाताशी ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका लिहिणाऱ्या टॉमस पेनचं नाव आणि तिच्या खपाचा एक भलामोठा आकडा. दुसऱ्या बाजूला ‘टिंगल करून कुठे राज्य जातं का?’ म्हणणारे, त्यांच्या हाताशी कर, व्यापार, बंदुका आणि फ्रान्सचं आरमार. मधे एक काका, उभा जन्म वकिलीत गेलेले, पुन्हापुन्हा एवढंच सांगत होते की टवाळी केली की माणूस दुखावतो, दुखावला की ऐकत नाही, म्हणून ज्याला पटवायचंय त्याच्याशी गोडच बोलावं.

तिघांचं आपसात जमत नव्हतं, पण एक गोष्ट तिघांनीही न बोलता धरून ठेवली होती: उपहास ज्याच्यावर केला जातो त्याच्यासाठीच तो लिहिलेला असतो. म्हणजे लंडनमधला राजा तिसरा जॉर्ज, त्याचे मंत्री, पार्लमेंट. ते बदलले तर लेखणी जिंकली, नाही बदलले तर वाया गेली. सगळा घोटाळा इथे आहे. त्या लढ्यात उपहासाने एखाद्या पक्क्या विरोधकाचं मन वळवल्याचं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. तरीही त्याच्यावाचून १७७६ उजाडलं नसतं असं माझं मत आहे. त्याचं खरं गिऱ्हाईक वेगळं होतं: करांनी वैतागलेला, पार्लमेंटच्या नावाने बोटं मोडणारा, पण राजाचा विषय निघाला की आवाज खाली आणणारा वसाहतीतला माणूस. त्याच्यापाशी कारणांचा तुटवडा नव्हता. त्याला भीड पडत होती. आणि भीड युक्तिवादाने जात नाही, कारण ती युक्तिवादाने आलेलीच नसते.

बेंजामिन फ्रँकलिनपासून सुरुवात करू. लेखणीवाल्यांचा तो लाडका, आणि खरं तर त्यांच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावाही तोच. सप्टेंबर १७७३ मध्ये तो लंडनमध्ये वसाहतींचा मुखत्यार म्हणून राहत होता. त्या महिन्यात त्याने तिथल्या ‘पब्लिक अ‍ॅडव्हर्टायझर’ या वृत्तपत्रात, स्वतःचं नाव न घालता, दोन लेख छापून आणले. एकात मोठ्या साम्राज्याचं लहान राज्य कसं करावं याचे वीस नियम होते. पहिलाच नियम असा की साम्राज्य मोठ्या केकसारखं असतं, कडांकडून सुरुवात केली की भराभर लहान होतं. दुसरा लेख म्हणजे प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाचं नकली फर्मान. ब्रिटन ही मुळात जर्मनांनी वसवलेली वसाहत, हेंगिस्ट आणि होर्सा हे जुने सरदार आमच्याकडूनच तिकडे गेले; तेव्हा यापुढे ब्रिटनच्या आयात-निर्यातीवर साडेचार टक्के जकात आम्हाला मिळावी, जहाजांनी आधी आमच्या क्योनिग्सबर्ग बंदरात येऊन झडती द्यावी, इंग्रजांनी लोखंडाच्या गिरण्या काढू नयेत, टोप्यांच्या धंद्यावर बंधनं पाळावीत, आणि आमच्या तुरुंगांतले चोर-दरोडेखोर आम्ही इंग्लंडात वस्ती वाढावी म्हणून पाठवू. यातली एकही अट फ्रँकलिनच्या सुपीक डोक्यातून निघालेली नव्हती. टोप्यांचा कायदा १७३२ चा, लोखंडाचा १७५० चा, गुन्हेगार समुद्रापार धाडण्याचा १७१८ चा. सगळे खुद्द पार्लमेंटने वसाहतींच्या माथी मारलेले. ही कलमं इंग्लिश पार्लमेंटच्याच कायद्यांवरून उतरवली आहेत, असं लेखाच्या शेवटी सांगूनही टाकलेलं आहे.

पुढचा प्रसंग फ्रँकलिनने आपल्या मुलाला, विल्यमला, पत्रातून कळवला. तो तेव्हा लॉर्ड ल डिस्पेन्सरच्या वाड्यावर पाहुणा होता. सकाळी मंडळी नाश्त्याच्या खोलीत गप्पा मारत बसली होती. पॉल व्हाइटहेड नावाचा एक पाहुणा रोज दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्रं चाळून ताज्या खबरी आणायचा. तो धापा टाकत आला: प्रशियाचा राजा आपल्या राज्यावर हक्क सांगतोय! सगळे अवाक्. फ्रँकलिनही अवाक् झाल्यासारखा चेहरा करून बसला. व्हाइटहेड वाचत गेला, दोन-तीन परिच्छेदांनंतर थांबला, फ्रँकलिनच्या तोंडाकडे बघून म्हणाला, ही तुझीच अमेरिकन थट्टा नसेल तर मला फाशी द्या. मग उरलेलं वाचन हसत हसत पार पडलं आणि घाव नेमका बसलाय असा सगळ्यांनी एकमताने निकाल दिला.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका तपशील हा निकाल आहे. इंग्लंडचे बडे लोक हसले, घाव बसल्याचं त्यांनी कबूल केलं, आणि पुढे काय झालं? काहीही नाही. एकही कायदा मागे घेतला गेला नाही. चार महिन्यांनी, २९ जानेवारी १७७४ ला, राजाच्या सल्लागार मंडळासमोर, प्रिव्ही कौन्सिलसमोर, त्याच फ्रँकलिनला उभं करून सरकारी वकील (सॉलिसिटर जनरल) वेडरबर्नने तासभर झोडपलं. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची खासगी पत्रं बॉस्टनला पाठवल्याचा ठपका होता, आणि बॉस्टन बंदरात चहाच्या पेट्या फेकल्याची बातमी नुकतीच लंडनला पोचली होती. दालनात सरदारांची दाटी होती. ते याही वेळी हसत होते, फक्त आता हसं फ्रँकलिनचं होत होतं. तो चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता उभा राहिला. त्याची पोस्टखात्यातली नोकरीही गेली.

आणि ते पत्र ज्याला लिहिलं, तो विल्यम? न्यू जर्सीचा गव्हर्नर. बापाचे सगळे विनोद पहिल्यांदा ऐकणारा, समजणारा, दाद देणारा वाचक. तो अखेरपर्यंत राजनिष्ठ राहिला, १७७६ च्या जूनमध्ये क्रांतिकारकांच्या कैदेत गेला, आणि बापाने मृत्युपत्रात त्याला जवळजवळ काही ठेवलं नाही. त्या शतकातल्या सर्वांत तल्लख उपहासकाराला स्वतःच्या पोराचं मत बदलता आलं नाही. तेव्हा वकीलकाकांचा मुद्दा मला अक्षरशः मान्य आहे. उपहासाने समोरचा पटत नाही. पण गोड बोलून पटला असता का? वसाहतींनी दहा वर्षं गोड बोलूनच पाहिलं होतं. पेनसिल्व्हेनियाचा जॉन डिकिन्सन स्वतः निष्णात वकील. त्याने १७६७–६८ मध्ये ‘शेतकऱ्या’च्या नावाने बारा पत्रं लिहिली, मुद्देसूद, मर्यादशील, कायद्याच्या आधाराने एकेक पाऊल टाकणारी. वसाहतींतल्या जवळजवळ सगळ्या वृत्तपत्रांनी ती छापली. जुलै १७७५ मध्ये वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, राजाला शेवटचा अर्ज पाठवला, त्यामागेही डिकिन्सनच होता. राजाने तो स्वीकारलासुद्धा नाही.

हा अर्ज जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण ‘टिंगलीने राज्य जात नाही’ या पक्षाला खरं उत्तर त्यात आहे. त्यांचं म्हणणं वजनदार आहे, ते मी झटकत नाही. १७६५ चा स्टँप कायदा खिशाला बसला म्हणून लोक पेटले. (त्यातही सरकारने कर बसवायला नेमका छापखानेवाल्यांचाच कागद निवडावा, याला काय म्हणावं! वर्तमानपत्र, पंचांग, पत्ते, फासे, कोर्टाचे दस्त, सगळ्यावर मुद्रांक. फिलाडेल्फियाच्या ‘पेनसिल्व्हेनिया जर्नल’ने कायदा लागू होण्याच्या आदल्या दिवशी आपलं पहिलं पान थडग्यासारखं मांडलं, मुद्रांकाच्या जागी कवटी आणि हाडं. ज्याच्या हातात शाई त्यालाच डिवचण्याचं फळ.) पुढे रक्त सांडलं, गावं जळली, फ्रान्स मदतीला आला, आणि यॉर्कटाउनला १७८१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शस्त्रं खाली ठेवली ती कुठलाही लेख वाचून नव्हे. हाच कॉर्नवॉलिस पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. एवढं सगळं कबूल.

पण मग एक कोडं उरतं. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टनला इंग्रज शिपाई आणि वसाहतीतले लोक यांच्यात गोळ्या झाडल्या गेल्या. जूनमध्ये बंकर हिलवर दोन्हीकडचे शेकडो लोक पडले. आणि जुलैमध्ये त्याच लोकांचे प्रतिनिधी राजाला ‘आपली एकनिष्ठ प्रजा’ म्हणून विनवण्या करताहेत! ज्या सैन्याशी ते लढत होते त्याला ते राजाचं सैन्य म्हणत नसत, ‘मंत्र्यांचं सैन्य’ म्हणत. राजा भला आहे, त्याचे सल्लागार वाईट आहेत, त्याच्या कानावर खरं घातलं की तो न्याय करील. हे ऐकून आपल्याला काहीच आठवत नाही का? साहेब चांगला, मधले कारकून खातात. देव पावेल, बडवे आड येतात. कर बोचत होते, तोफा धडधडत होत्या, माणसं मरत होती, आणि तरीही कित्येक महिने स्वातंत्र्य हा शब्द सभेत उच्चारायला भलेभले कचरत होते. ज्यांच्या मते तोफा पुरेशा होत्या, त्यांनी हे सांगावं की तोफा सुरू झाल्यावर इतके महिने लोक थांबले कशासाठी?

थांबले होते, कारण राजाला हसण्याची कोणाची छाती नव्हती. मंत्र्यांवर हसून झालं होतं, गव्हर्नरांवरही. मॅसॅच्युसेट्समध्ये नाटकांना कायद्याने बंदी होती, तरी मर्सी ओटिस वॉरन या बाईने वृत्तपत्रांतून, पुस्तिकांतून वाचायची नाटकं छापली, आणि १७७२ मध्येच गव्हर्नर हचिन्सनला ‘रॅपेशिओ’ नावाचा हावरा खलनायक करून टाकला. बॉस्टनच्या वाचकाला तो कोण हे समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडे १९०७ च्या ‘कीचकवधा’त कर्झन कोणता हे कुठे सांगावं लागलं? पण वॉरनबाईंचा बाणही गव्हर्नरपर्यंतच. सिंहासनाच्या पायरीशी सगळ्यांची शाई वाळत होती.

ती पायरी चढला तो टॉमस पेन. इंग्लंडातून येऊन त्याला जेमतेम तेरा महिने झाले होते. कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा, तोच धंदा केलेला, अबकारी खात्यातून बडतर्फ झालेला, खिशात फ्रँकलिनचं शिफारसपत्र. १० जानेवारी १७७६ ला फिलाडेल्फियात रॉबर्ट बेलने त्याची ‘कॉमन सेन्स’ ही निनावी पुस्तिका छापली. त्यात करांची चर्चा नावापुरती. पेनने थेट वंशपरंपरेलाच हात घातला. इंग्लंडच्या राजघराण्याचा मूळपुरुष विल्यम, ज्याच्या नावाने सरदार छाती फुगवतात, तो कोण? सशस्त्र दरोडेखोर घेऊन उतरलेला आणि तिथल्या लोकांच्या इच्छेविरुद्ध राजा होऊन बसलेला एक फ्रेंच अनौरस पोर. वंशपरंपरेने राजा होणं निसर्गाला मान्य असतं तर त्याने सिंहाच्या जागी इतक्या वेळा गाढव जन्माला घातलं असतं का? एका बेटाने अख्ख्या खंडावर कायमचं राज्य करावं यात काही हास्यास्पद वाटत नाही? जॉर्जचा उल्लेख तो ‘राजेशाही पशू’ असा करतो. वाचताना आजही जाणवतं की या वाक्यांची पट्टी विद्वानाची नाही, दारूच्या गुत्त्यात टेबलावर मूठ आपटणाऱ्याची आहे. पुस्तिका मोठ्याने वाचली जायची, हे त्यामुळेच पटतं. विल्यमबद्दलचं ते वाक्य चारचौघांत एकाने वाचलं आणि बाकीचे हसले, की त्या चौघांना पुन्हा राजाविषयी जुन्या सुरात बोलता येणं कठीण. हसण्याची साक्ष असते. एकट्याने मनात केलेला विचार नाकारता येतो, चारचौघांत हसलेलं हसू परत घेता येत नाही.

आता लेखणीवाल्यांचा फुगाही थोडा सैल करायला हवा. ‘पाच लाख प्रती खपल्या’ हा आकडा आमच्या कट्ट्यावर फेकला गेला. वसाहतींची सगळी लोकसंख्या तेव्हा पंचवीस लाखांच्या आसपास, त्यात दर पाचांत एक गुलाम. हातछाप यंत्रं, कागदाची टंचाई. पेनने स्वतः तीन महिन्यांत एक लाख वीस हजारांचा दावा केला होता, तो पुढच्यांनी फुगवत नेला. अलीकडच्या अभ्यासकांना तोही पचत नाही. मला त्याने फरक पडत नाही. प्रतींपेक्षा कानांची संख्या महत्त्वाची होती, आणि ती मोजायला तेव्हा कोणी बसलं नव्हतं. याहून पक्का साक्षीदार जॉर्ज वॉशिंग्टन. ३१ जानेवारी १७७६ च्या पत्रात तो लिहितो की फाल्मथ आणि नॉरफोक इथे दिसले तसले आणखी काही ‘जळते युक्तिवाद’, आणि त्यांच्या जोडीला ‘कॉमन सेन्स’मधलं बिनतोड विवेचन, एवढं झालं की वेगळं व्हावं की नाही याबद्दल फार लोक संभ्रमात राहणार नाहीत. ही दोन्ही गावं नुकतीच जळली होती, फाल्मथ ऑक्टोबरात आणि नॉरफोक नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी. सेनापतीला आग आणि शाई एकाच वाक्यात लिहावीशी वाटली. आमच्या कट्ट्यावर मात्र दोहोंतलं एकच निवडा असा हट्ट.

जॉन अ‍ॅडम्सचा आक्षेप याहून टोकदार आहे. काँग्रेसमधल्या या मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधीने पत्नीला लिहिलं की या लेखकाचा हात बांधण्यापेक्षा पाडण्यात जास्त चालतो. पेनने राजेशाहीविरुद्ध बायबलमधले दाखले दिले होते. अ‍ॅडम्सने त्याबद्दल छेडलं तेव्हा पेन हसला आणि जुन्या कराराविषयीची आपली तुच्छता त्याने लपवली नाही. म्हणजे ज्यावर स्वतःचा विश्वास नाही तोच पुरावा वाचकापुढे केला? हो, केला. हे मला खटकतं, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ‘पाडण्यात हात’ या आरोपाचं काय? एक तर तो पूर्ण खरा नाही. त्याच पुस्तिकेत नव्या राज्याच्या रचनेचा कच्चा आराखडा आहे, आणि आरमार परवडेल हे दाखवायला जहाजबांधणीचा चक्क हिशेब आहे: शंभर तोफांच्या जहाजाला ३५,५५३ पौंड, आणि तिथून खाली वीस तोफांच्या जहाजापर्यंत उतरती यादी. हसवून झाल्यावर त्याने दुकानदाराला कळेल अशी वही उघडली. दुसरं म्हणजे, अ‍ॅडम्सने राज्यरचनेवरचे आपले विचार त्याच वसंतात पुस्तिका काढून मांडले. आधीची भिंत पडल्याशिवाय गवंड्याला कोण बोलावतो?

भीड हाच मुद्दा आहे हे उलट बाजूनेही तपासता येतं. इंग्रज अधिकारी वसाहतीतल्या गावंढळ शिपायांची ‘यँकी डूडल’ गाऊन थट्टा करत. पिसं खोचून स्वतःला छानछोक समजणारा अडाणी, असा त्यातला नायक. परिणाम? लेक्झिंग्टननंतर त्या गावंढळांनी तेच गाणं उचललं आणि इंग्रजांच्याच तोंडावर वाजवलं. ज्याची मुळात कोणाला भीड नाही त्याची टिंगल करून काय उतरणार? शिपाई गावंढळ होतेच, त्यांना ते ठाऊक होतं.

इथवर मी उपहासाची बाजू लढवली. आता त्याच्या अंगावरचे डाग. भीड चेपली की माणूस मोकळा होतो आणि मोकाटही होतो. जानेवारी १७७४ मध्ये बॉस्टनच्या जमावाने जॉन माल्कम या जकात अधिकाऱ्याला कडाक्याच्या थंडीत उघडा करून डांबर फासलं, पिसं चिकटवली आणि गावभर फिरवलं. जॉन ट्रंबलच्या ‘मॅक्फिंगल’ या दीर्घ विडंबनकाव्यात राजनिष्ठ नायकाला हीच शिक्षा होते, आणि वाचकाने तिथे हसणं अपेक्षित आहे. मला ते हसू येत नाही. न्यूयॉर्कच्या राजनिष्ठ जेम्स रिव्हिंग्टनचा छापखाना नोव्हेंबर १७७५ मध्ये आयझॅक सीअर्सच्या घोडेस्वारांनी उद्ध्वस्त केला आणि छपाईचे खिळे पळवले. ‘कॉमन सेन्स’ला दिलेलं उत्तर मार्च १७७६ मध्ये सॅम्युएल लाउडनने छापलं, तर त्या प्रती जमावाने जाळून टाकल्या. बाजू स्वातंत्र्याची होती म्हणून हे कृत्य लहान होत नाही. आणि ज्यांच्याकडे पेनसारखा माणूस होता त्यांना प्रती जाळायची गरज का पडावी?

फ्रँकलिनलाही यातून वगळत नाही. १७८२ मध्ये पॅरिसजवळच्या पासीत, आपल्या घरच्या छापखान्यात, त्याने बॉस्टनच्या एका वृत्तपत्राची हुबेहूब खोटी पुरवणी छापली, जाहिरातींसकट. त्यात बातमी अशी की सेनेका या मूळ रहिवाशांच्या जमातीने इंग्रजांना खूश करण्यासाठी अमेरिकन शेतकऱ्यांच्या, बायकांच्या, पोरांच्या डोक्यांवरची केसांसकट सोललेली कातडी गठ्ठे बांधून पाठवली आहे, बरोबर यादीही आहे. सगळी बनावट. वाचणाऱ्यांनी ती खरी समजून पुन्हा छापली, आणि त्याचा चटका इंग्रजांपेक्षा मूळ रहिवाशांना जास्त बसला. कोणी म्हणेल, प्रशियाचं फर्मानही खोटंच होतं, मग फरक काय? फरक व्हाइटहेडच्या त्या थांबण्यात आहे. फर्मान पकडलं जावं म्हणून लिहिलं होतं. पकडलं नसतं तर ते फसलं असतं. पुरवणी पकडली जाऊ नये म्हणून लिहिली होती. एकात वाचकाच्या अकलेवर भरवसा, दुसऱ्यात तिच्या झोपेवर. एकच लेखक, दोन्हींत तेच कसब. रोज सकाळी फोनवर येणाऱ्या मजकुराला ही कसोटी लावून पाहावी. मी लावतो, आणि पहिल्या जातीचं फारसं काही हाती लागत नाही.

सर्वांत जड दगड मात्र लंडनहून आला होता. १७७५ मध्ये कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सनने वसाहतींविरुद्ध पुस्तिका लिहिली. तो सरकारी तनखा खात होता, त्याचं लिखाण सरकारधार्जिणं होतं, सगळं खरं. पण त्यातला एक प्रश्न आजही चटका देतो: स्वातंत्र्यासाठी सर्वांत मोठ्याने कोकलणारे आपल्याला निग्रोंना हाकणाऱ्यांतच का सापडावेत? याला फिलाडेल्फियात भरणाऱ्या काँग्रेसकडे उत्तर नव्हतं. जॉर्ज राजाविषयीची भीड मोडलेल्या माणसाच्या घरात दुसऱ्या कोणाची तरी मान अजून वाकलेली होती, आणि त्या घरात वाचली जाणारी पुस्तिका त्या मानेसाठी लिहिलेली नव्हती.

फ्रँकलिनने उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पंधरा वर्षं उशिरा. फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी मोडू पाहणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून त्याने नव्या काँग्रेसकडे अर्ज केला. जॉर्जियाच्या जेम्स जॅक्सनने गुलामगिरीच्या बाजूने दणदणीत भाषण ठोकलं. ८४ वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या फ्रँकलिनने मार्चमध्ये वृत्तपत्राला पत्र पाठवलं: जॅक्सन यांचं भाषण वाचून मला उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्सच्या सिदी मेहमेत इब्राहिमचं शंभर वर्षांपूर्वीचं भाषण आठवलं. मग तो सिदी, जो कधी जन्मलाच नव्हता, जॅक्सनचाच एकेक मुद्दा मांडतो, फक्त गुलाम आता युरोपातले ख्रिश्चन आहेत. यांना सोडलं तर या उष्ण मुलुखात आमची शेतं कोण कसणार? मालकांची भरपाई कोण देणार? आणि आमच्याकडे ते त्यांच्या देशापेक्षा सुखातच नाहीत का? सतरा वर्षांपूर्वीचं फर्मान आणि हे भाषण, साचा एकच. घावही तितकाच नेमका. पण काँग्रेसने हात झटकले, फ्रँकलिन १७ एप्रिलला वारला, आणि गुलामगिरी १८६५ पर्यंत टिकली.

तीच लेखणी, तोच डाव, मग यश का नाही? माझं उत्तर पुन्हा वाचकापाशीच येऊन थांबतं. १७७६ चा वाचक स्वतः दबलेला होता. हसला की त्याच्याच खांद्यावरचं ओझं उतरत होतं. १७९० चा वाचक मळ्याचा मालक तरी होता, नाहीतर त्याचा गिऱ्हाईक. त्याला जॅक्सनची भीड नव्हती, त्याला तंबाखूचा, तांदळाचा हिशेब होता, आणि हिशेबाला हसू फुटत नाही. ज्यांच्या खांद्यावर ओझं होतं, त्यांच्यापर्यंत ते वृत्तपत्र पोचण्याची सोयच त्या देशाने ठेवलेली नव्हती.

हा धागा पुण्यात येऊन मिळतो, आणि तो मी ओढूनताणून आणत नाही. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. पण पेनचा राजा पुण्यात कोण होता? विलायतेतलं सिंहासन फुल्यांच्या वाचकाच्या छातीवर बसलेलं नव्हतं. इंग्रज सरकारकडून तर फुल्यांना काही अपेक्षाही होत्या. त्यांच्या वाचकाची मान ज्याच्यापुढे आपोआप वाकत होती तो भट, भिक्षुक आणि त्याच्या पोथीतला ब्रह्मदेव. म्हणून १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादात ब्रह्मदेवालाच घेतलं आहे. मुखातून ब्राह्मण, बाहूतून क्षत्रिय, जांघेतून वैश्य, पायातून शूद्र जन्मले असतील तर त्याच्या चार अंगांना विटाळ होत असणार. मग बिचाऱ्याला महिन्याला निदान सोळा दिवस दूर बसावं लागलं असेल! पेनने सिंहाच्या जागी गाढव दाखवलं तोच हा डाव: पवित्र म्हणून ज्याच्याकडे वर बघायचं ते उचलून परसात, रोजच्या व्यवहारात आणून ठेवायचं. विद्वानांनी या वाक्यावर नाक मुरडलं, अजूनही मुरडतात. ते वाक्य त्यांच्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना आहे. ती १७७६ च्या अमेरिकेला वाहिलेली नाही, तिथल्या जाहीरनाम्याला नाही, ज्याचं पुस्तक वाचलं होतं त्या पेनलाही नाही. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेला फुल्यांनी ती वाहिली.